विहिरीतली सोयरीक

आमच्या भागात सोयरीक जुळवायची म्हटलं की लोक माझ्या दारात येतात. मी तोंडाचा फटकळ माणूस. पोरगा पीत असंल तर पितो म्हणून सांगतो, पोरगी तापट असंल तर तापट. तरी येतात, कारण मी जुळवलेली घरं टिकली. एकच सोयरीक अशी जुळवली की तिचा विषय कुणी काढला तर मी उठून गोठ्यात जातो. ती माणसांची नव्हती. आमच्या मळ्यातल्या जुन्या विहिरीत घुबडं राहायची. त्यातल्या एका एकट्या घुबडासाठी मी परतूरहून मादी आणली, आणि त्याच हिवाळ्यात विहीर रिकामी झाली. माझ्याच हातानं झाली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला भला माणूस समजायला नको.

मी जालना एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीत गोदामावर असतो. गाव अंबडच्या वाटेवर, सकाळी मोटरसायकल काढायची, संध्याकाळी परत. मळ्यातली विहीर आजोबांच्या आधीची, दगडानं बांधलेली, खाली उतरायला पायऱ्या. बोअर घेतल्यापासून तिचं पाणी कुणी काढत न्हाई. दगडांच्या मधे मोठाले कोनाडे पडलेत, त्यात ही पांढऱ्या तोंडाची घुबडं. वडील औत सोडून आले की काठावर तंबाखू मळत बसायचे आणि म्हणायचे, "निघाले बघ मालक." दिवस मावळला की एकेक घुबड कोनाड्याच्या तोंडाशी येऊन बसायचं, मान इकडून तिकडं फिरवायचं आणि आवाज न करता निघून जायचं. एवढं मोठं पाखरू डोक्यावरून जातं आणि पंखाचा वारासुद्धा लागत न्हाई, ह्याचं मला लहानपणी लई नवल वाटायचं. अजून वाटतं. वाटायचं, असं म्हणायला पाहिजे आता.

गावातलं कुणी त्यांच्या वाटेला जात नव्हतं. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड उचलून नेतं, पाण्यात घासत बसतं, आणि दगड जसा झिजतो तसा मारणारा माणूस झिजतो, असं आमच्याकडं म्हातारी माणसं सांगायची. मला हे बिलकुल पटत नव्हतं, पण त्याच्यामुळं विहिरीकडं कुणी फिरकत न्हाई म्हणून मी कुणाचा भ्रम मोडायला गेलो न्हाई. माझी बायकोसुद्धा त्या बाजूनं जाताना पदर डोक्यावर घ्यायची.

पोरगी मात्र वेगळी निघाली. चार वर्षांची असल्यापासून माझ्या वडिलांच्या शेजारी बसून घुबडं बघायची. पुढं संभाजीनगरला शिकायला गेली, तर विषय घेतला प्राण्यांचा. घरी आली की आमच्याशी दोन शब्द बोलायची आणि वही घेऊन विहिरीवर पळायची. बायको कुरकुरायची, "ही पोरगी आपल्याला भेटायला येती का त्या भुतांना?"

त्या उन्हाळ्यात सुट्टीवर आली आणि आठ दिवस माझी मोटरसायकल घेऊन भटकली. अंबडपर्यंत, ओढ्याच्या कडेकडेनं, खाली अंकुशनगरच्या उसापर्यंत. नवव्या दिवशी मी कामावरून आलो तर ही विहिरीच्या काठावर गुडघ्यात डोकं घालून बसल्ती.

"काय झालं गं?"

"बाबा, तीनच राहिलीत."

"कुठं, विहिरीत?"

"सगळीकडं मिळून. मला दुसरं एकही दिसलं न्हाई."

मी मनात सगळी ठिकाणं मोजली. रोडच्या दोन्ही बाजूनं चिंचा होत्या, त्या रोड रुंद करताना गेल्या. ओढ्याची दरड मुरमासाठी खणून नेली. जुन्या विहिरी लोकांनी बुजवल्या, कारण लेकरं पडतील म्हणून. मी स्वतः दोन विहिरी बुजवायला ट्रॅक्टरवर उभा होतो. अंकुशनगरकडं उसात उंदीर मोप, पण घुबडाला राहायला एक पोकळ झाड न्हाई.

मंग तिनं मला समजावून सांगितलं, शाळेतल्या लेकराला सांगावं तसं. विहिरीत एक जोडी आणि एक एकटा, बहुतेक नर. तिघंही बहुतेक एकाच घरचे. जोडी अंडी घालती, पण तीन वर्षं झाली, एकही फुटलं न्हाई. जवळचं रक्त जवळच्या रक्तात मिसळत राहिलं की असं होऊ शकतं. बाहेरून नवं घुबड आलं तर काही आशा, पण यायचं कुठून? मधे थांबायला जागाच उरली न्हाई. ही तीन म्हातारी होतील आणि मरतील. मंग ह्या भागात घुबड संपलं.

"म्हणजे एका देवकातली सोयरीक झाली की," मी म्हणलं.

डोळे पुसता पुसता हसली. "तसंच समजा."

"मंग बाहेरचं स्थळ बघायला पाहिजे."

"बाबा! माणसं न्हाईत ती."

ती परत गेली. पण माझ्या डोक्यात ते घुसून बसलं. गोदामात पोती मोजताना, रोडवर, जेवताना, तेच. ह्या पोरीनं आयुष्यात माझ्याकडं हट्ट म्हणून कधी काही मागितलं न्हाई. आणि जे तिला पाहिजे होतं ते नेमकं माझ्या हातातलं काम होतं, असं मला वाटाय लागलं. अख्ख्या तालुक्याच्या सोयरिकी मी जुळवतो, मला एका घुबडाची जुळवता येऊ नये?

दिवाळी झाली आणि परतूरहून साडूचा फोन आला. तो तिथं एका जिनिंगवर वॉचमन आहे. म्हणला, "साडूभाऊ, तुमच्या त्या पांढऱ्या तोंडाचं पाखरू आमच्या रुईच्या ढिगात अडकलंय. पायाला रुई गुंडाळलीय. लोक मारायला निघालेत. काय करू?"

"हात लावू देऊ नको कुणाला. आलो मी."

त्याच दिवशी रजा टाकली, पॅसेंजर पकडली आणि गेलो. बिस्किटाच्या मोठ्या खोक्याला भोकं पाडून तिला आत बसवलं. पंख धड होते, एका पायाला फक्त जखम. तिच्या छातीवर गडद ठिपके होते, आणि पोरीनं सांगितल्तं की ठिपके जास्त ती बहुतेक मादी. गाडीत शेजारच्या माणसानं विचारलं, खोक्यात काय हो? मी म्हणलं, "पाव्हणी आहे." तो दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

घरी बायको म्हणली, "आधी पोरीला फोन लावा. न्हाईतर वनखात्याला कळवा. पाखरू असं घरात ठेवायचं नसतं म्हणती ती."

तिचं बराबर होतं. शंभर टक्के बराबर होतं. पण मी तिच्यावरच खेकसलो, "गप बस, मला शिकवू नको." मला पोरीला चकित करायचं होतं. सुट्टीला येईल, विहिरीवर जाईल आणि तोंडात बोट घालील, असं चित्र मी रंगवून ठेवल्तं. त्या चित्रापायी मी कुणाला विचारलं न्हाई. एक फोन, दोन मिनिटांचं बोलणं. एवढंच करायचं होतं.

चार दिवस पाव्हणीला कडब्याच्या खोलीत ठेवलं. घरच्या पिंजऱ्यात सापडलेले उंदीर तिला घातले. बायको दारातून बघायची, मंग एक दिवस आत आली आणि तिच्या पायाला हळद लावली. पाचव्या दिवशी मी खोकं उचललं तर म्हणली, "थांबा." कुंकवाचं बोट खोक्याला लावलं. "सून म्हणून नेताय ना, मंग तशी न्या."

दिवस मावळताना तिला विहिरीच्या काठावर सोडलं. ती बाभळीवर जाऊन बसली. विहिरीतून तो एकटा बाहेर आला आणि असा किंचाळला की बायकोनं माझा हात धरला. मी म्हणलं, संपलं, पसंत न्हाई पडली. पण ती गेली न्हाई. दोन दिवस बाभळीवर, मंग विहिरीत, मंग त्याच्या शेजारच्या कोनाड्यात. आणि एक दिवस मी गेलो तर दोघं एका कोनाड्यात. मी काठावर उभा राहून मोठ्यांदा हसलो. बाजूच्या शेतातला माणूस बघत राह्यला, म्हणला, "येडा झाला काय रे?"

आता ते सांगतो, ज्याच्यासाठी हे सगळं लिहून राह्यलो.

आमच्या गोदामात उंदरांसाठी आधी काळी पावडर यायची. पिठात कालवून ठेवायची. खाल्लं की उंदीर जल्दी मरायचा, सकाळी आडवे पडलेले सापडायचे. त्या मेलेल्या उंदरांना उघड्या हातानं धरायचं न्हाई, कुत्र्या-मांजरापुढं टाकायचं न्हाई, खड्डा करून पुरायचं. हा नियम मी गोदामावर लागल्यापासून पाळला आणि हाताखालच्या लोकांकडून पाळून घेतला. एकदा एकानं मेलेला उंदीर उकिरड्यावर फेकला तर मी त्याला गेटपर्यंत शिव्या देत गेल्तो. त्यातून माझ्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला. मेलेला उंदीर विषाचा, जिवंत उंदीर चोख.

त्याच हिवाळ्यात गोदामात नव्या काळ्या पेट्या आल्या. आत निळ्या वड्या. ठेकेदाराचा माणूस भिंतीच्या कडेनं ठेवून गेला. आम्ही वाट बघितली, पण दुसऱ्या दिवशी उंदीर मेलेला दिसेना, तिसऱ्या दिवशी दिसेना. आम्ही हसलो. म्हणलं, ह्या वड्या खाऊन उंदीर उलट जाडजूड व्हायलेत. खरंच, पोत्यामागून निघायचे आणि पळायचे न्हाईत. आळसावल्यासारखे बसून राहायचे. हातानं धरता यायचे. मधे कधी एखादा मेलेला सापडला तर आम्ही नियमाप्रमाणं पुरून टाकायचो. पण जिवंत ते चोखच की! मी रोज चार-पाच धरायचो, तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकायचो, झाकणाला भोकं, आणि मोटरसायकलला लटकवून गावाकडं. जाताना विहिरीवर थांबायचं, पायऱ्या उतरून रुंद दगडावर उंदीर सोडायचे. तेही तिथंच बसून राहायचे. मी वर येऊन बघायचो. घुबड उतरायचं, उचलायचं, न्यायचं. चौघंही यायला लागली. नव्या सुनेला माहेरी परतायची इच्छा व्हायला नको, एवढाच माझा विचार.

पौषात त्या दोघांच्या कोनाड्यातून आवाज आला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जो सुस्कारा येतो तसा, पण बारीक, आणि एकाच वेळी तीन गळ्यांतून. मी पायरीवर बसलो. अंडी फुटल्ती, आत पिल्लं होती. मंग पोरीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

आधी ती भडकली. "बाबा, असं करत नसतात! परवानगी लागती, पाखरू आजारी असतं, काय काय असतं! तुम्हाला कुणी सांगितल्तं?" मी ऐकून घेतलं. मंग म्हणली, "खरंच फुटली?"

"आवाज ऐक." मी फोन विहिरीत धरला.

फोन कानाला लावला तर ती रडून राह्यली होती. हसत हसत. म्हणली, "परीक्षा झाली की लगेच येते. तोवर काही करू नका. जवळ जाऊ नका बाबा, प्लीज."

हो म्हणलो. आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो. ती जवळ जाऊ नका म्हणली, उंदीर टाकू नका असं कुठं म्हणली, अशी मी माझी समजूत काढली. लेकरंवाल्या घरात जास्त लागतं, म्हणून डब्यात चार-पाचाच्या जागी आठ-दहा न्यायला लागलो.

पहिलं घुबड जुन्या जोडीतलं गेलं. भर दुपारी काठावर डोळे मिटून बसलेलं, अंगावर कावळे तुटून पडलेले. मी कावळे हाकलले, पण ते हललं न्हाई. चोचीला रक्ताचा थेंब. मला वाटलं कावळ्यांनी मारलं. दोन दिवसांनी त्याचा जोडीदार पाण्यावर तरंगताना दिसला. मंग परतूरची. ती कोनाड्याच्या तोंडाशी पडल्ती, पंख बाहेर लोंबलेला.

माझी झोप उडाली. बायकोनं मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या, म्हणली नजर लागली, तुम्ही गावभर सांगत सुटलात. मला वाटलं थंडीनं अशक्त झालीत. आणि मी काय केलं? अशक्त माणसाला आपण दोन घास जास्तच भरवतो ना? मी जास्त उंदीर नेले. उरलेला एकटा नर दगडावरून उचलायचा आणि पिल्लांकडं न्यायचा, पुन्हा यायचा, पुन्हा न्यायचा. मी वरून म्हणायचो, "खा बाबा, खाऊ घाल लेकरांना." असं म्हणायचो मी. तोंडानं म्हणायचो.

सुस्कारे तीनाचे दोन झाले, दोनाचा एक, आणि मंग एकही न्हाई.

पोरीला फोनवर सांगायची माझी हिंमत झाली न्हाई. रोज ती विचारायची, कशी आहेत? मी म्हणायचो, आहेत, ये तू. परीक्षा संपली त्या दिवशीच गाडीत बसली. मी अंबडच्या स्टँडवर आणायला गेलो. मागं बसून ती एकसारखी बोलत होती, कुठल्या सरांना सांगणार, कुठं कुठं असंच करून बघता येईल, कसं सगळं रीतसर करायचं. मी समोर बघून गाडी चालवत राह्यलो. घरी न जाता सरळ विहिरीवर नेलं, कारण तिनंच तसं सांगितलं. काठावर आलो तेव्हा मला बोलावं लागलं न्हाई. तिनं वाकून बघितलं आणि बॅग खाली टाकली.

नर अजून होता. खालच्या दगडावर पंख पसरून बसल्ता. ती पायऱ्या उतरली, ओढणीत गुंडाळून त्याला वर आणलं आणि मांडीवर घेतलं. त्यानं एकदा डोळे उघडले. ती त्याची चोच उघडून आत बघत होती तेव्हाच त्याची मान खाली पडली. तिनं त्याला तसंच धरून ठेवलं.

"बाबा, ह्यांनी काय खाल्लं?"

"उंदीर. मीच आणायचो, रोज."

"कुठून?"

"गोदामातून." मी धावत जाऊन गाडीचा डबा आणला. कालचे दोन तसेच होते. "हे बघ ना, जिवंत, ताजे. मेलेला एकही घातला न्हाई. तेवढं कळतं मला."

तिनं झाकण काढलं. उंदीर बाहेर यायची धडपड करत नव्हते. एकाच्या नाकाला रक्त होतं. ते मला तोवर दिसलंच नव्हतं.

"गोदामात औषध ठेवतात?"

"ठेवतात. निळ्या वड्या. पण त्यांनी उंदीर मरत न्हाई गं, आम्ही बघितलं की."

तिनं झाकण परत लावलं. मंग अगदी हळू बोलली. "मरतात बाबा. चार-पाच दिवसांनी मरतात. तोवर चालतात, फिरतात, फक्त सुस्त होतात. आतून रक्त जात असतं. जे पाखरू असे उंदीर रोज खातं, त्याचंही तसंच होतं."

मी काठावर खाली बसलो. माझे हात माझ्या समोर होते. मला वाटलं आता ही ओरडंल, आणि मला ते पाहिजे होतं. मी म्हणलं, "शिव्या दे मला. दे ना. लहानपणापासून जपलेली तुझी घुबडं मी मारली. पिल्लंसुद्धा. काहीतरी बोल."

तिनं घुबड गवतावर ठेवलं, ओढणी त्याच्यावर टाकली, आणि माझ्याकडं वळली. तोंड पांढरं पडल्तं.

"हे उंदीर तुम्ही हातानं धरत होता? मोकळ्या हातानं?"

"हो."

"रोज? इतके दिवस? आणि मंग त्याच हातानं जेवणाचा डबा उघडून खात होता?"

मी मान हलवली. तशी तिला रडू फुटलं. घुबड मांडीवर मेलं तरी डोळ्यात पाणी न आलेली पोर माझ्यासाठी हंबरडा फोडून रडली. माझं मनगट धरून ओढत मला बोअरच्या हौदावर नेलं, बायको कपडे धुते तो साबण घेतला, आणि माझे हात धुवायला लागली. बोटांच्या मधे, नखांच्या आत, कोपरापर्यंत.

मी म्हणलं, "बास झालं पोरी. निघालं आता."

"न्हाई निघालं," ती म्हणली, आणि परत साबण लावला.